नाव कोणी बदलले?

(द्वितीय वर्ष, कला)

परदेशात एखाद्याचे नाव झाले की त्याला 'आपला' म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही. 'पिकते तिथे विकत नाही' ही म्हण आपणच केली आणि आपणच ती इमानाने पाळतो. परंतु तोच माल सातासमुद्रापलीकडे विकला गेला, की शेत आपले होते हे सांगायला सर्वांत पुढे आपणच! फ्रेडी मर्क्युरी या गायकाच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. २०१८ साली त्याच्या जीवनावरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट आला, पुढल्या वर्षी त्यातील नट रामी मॅलेक याला ऑस्कर मिळाले, आणि ज्यांनी त्याचे एकही गाणे ऐकले नव्हते तेही सांगू लागले की, 'अहो, हा तर आपल्या पाचगणीत शिकलेला पारशी मुलगा!'

या अभिमानापाठोपाठ एक तक्रारही येते. 'पण त्याने ते लपवले. नाव बदलले. गोऱ्यांत गोरा होऊन राहिला.' आमच्या कट्ट्यावर हा वाद अनेकदा झाला आहे, आणि दरवेळी शेवटी निकाल त्याच्या विरुद्ध लागला आहे. मला हा निकाल मान्य नाही. नाव बदलणाऱ्याला दोष देण्यापूर्वी ते बदलण्याची वेळ त्याच्यावर कोणी आणली, हे विचारले पाहिजे असे मला वाटते. आणि हा प्रश्न लंडनपुरता नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून पोटापाण्यासाठी रोज लोकल पकडणाऱ्या आपल्यासारख्यांचाही तो आहे.

प्रथम त्याची हकीकत. फारोख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे झाला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे हे लवंगांचे बेट तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होते. वडील बोमी बलसारा तेथील न्यायालयात रोखपाल होते. घराणे मूळ गुजरातेतले. बलसारा म्हणजे बलसारचा, आजच्या वलसाडचा. आपल्याकडे गावाच्या नावापुढे 'कर' लागून आडनाव होते, तसेच हे. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला समुद्रमार्गे इकडे पाठवण्यात आले आणि तो सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहू लागला. तेथे तो पियानो शिकला, आणि १९५८ च्या सुमारास शाळेतल्या चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचे वाद्यवृंद-मंडळ काढले. १९६३ मध्ये तो झांझिबारला परत गेला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला निघून गेले.

हे शेवटचे वाक्य आपल्या भागातील वाचकाने जरा थांबून वाचावे. रातोरात घर सोडणे, नव्या मुलुखात भाड्याच्या खोलीत संसार थाटणे, पडेल ते काम करणे, हे सारे उल्हासनगरच्या जुन्या पिढीने १९४७ नंतर भोगलेले आहे. ही कुटुंबे लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहिली, बलसारा कुटुंब लंडनच्या कडेला फेल्टम या उपनगरात राहिले. मुलाने कलाशाळेत शिकता शिकता हिथ्रो विमानतळावर प्रवाशांचे सामान उचलण्याचे कामही केले. ईलिंगच्या कलाशाळेतून १९६९ मध्ये चित्रकला व आरेखनाची पदविका घेऊन तो बाहेर पडला. १९७० मध्ये 'क्वीन' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याच सुमारास फारोख बलसारा हा फ्रेडी मर्क्युरी झाला.

आता त्याची नावे पाहू. घरी तो फारोख. शाळेत त्याच्या पुढे आलेल्या दातांवरून मुलांनी त्याला 'बकी' म्हणून चिडवले. तेथेच मित्र आणि शिक्षक त्याला फ्रेडी म्हणू लागले. मर्क्युरी हे मात्र त्याने स्वतः घेतले. एक नाव आईबापांनी दिलेले, एक टवाळांनी चिकटवलेले, एक मैत्रीतून आलेले आणि एक आपण निवडलेले. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ पहिली तीन असतात. चौथे घेण्याची हिंमत थोड्यांना होते. मर्क्युरी म्हणजे रोमन लोकांचा देवदूत, आकाशातला बुध आणि थर्मामीटरमधला पारा. पारा चिमटीत धरता येत नाही. ज्याला लहानपणापासून बंदरातून बंदरात जावे लागले, त्याने हेच नाव घ्यावे यात मला लपवाछपवी दिसत नाही, उलट त्यात एक प्रकारचा खरेपणाच दिसतो.

त्याचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणे १९७५ साली आले आणि इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याने चित्रपटांसाठी जी शीर्षकगीते गायिली, त्यांच्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मला स्वतःला त्याच्या आयुष्याची किल्ली तेथेच सापडते. शीर्षकगीत म्हणजे काय? पडद्यावर नायक दुसरा, कथा दुसऱ्याची, आणि आवाज मात्र कोणाचा तरी. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या देशाला हे समजावून सांगायला नको. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याने दुसऱ्याच्या नावाचा डंका वाजवायचा, असे हे काम आहे.

१९८० मध्ये 'फ्लॅश गॉर्डन' हा चित्रपट आला. त्याचे संगीत क्वीनचे. १९३४ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकन चित्रकथेवर तो बेतलेला आहे. नायक सोनेरी केसांचा अमेरिकन जवान. खलनायक मिंग हा परग्रहावरचा सम्राट, पण त्याची मिशी, त्याचा झगा, त्याचे नाव सारे 'पौर्वात्य' माणसाबद्दलच्या पाश्चात्त्य भीतीतून घडवलेले. त्या मिंगची भूमिका केली मॅक्स फॉन सिडो या स्वीडिश नटाने. म्हणजे गोरा माणूस पौर्वात्य दुष्ट झाला, आणि जगाला वाचवणाऱ्या गोऱ्या वीराचा जयजयकार करणाऱ्या आवाजांत एक आवाज पाचगणीत शिकलेल्या पारशी मुलाचा होता! हे गीत त्याचा सहकारी ब्रायन मे याने रचले होते. ही विसंगती त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नसेल, कारण त्या आवाजामागचा फारोख कोणाला दिसतच नव्हता.

१९८४ मध्ये जर्मनीच्या 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या मूकपटाची नवी आवृत्ती संगीतकार जॉर्जिओ मोरोडर याने काढली. तिच्यासाठी फ्रेडीने 'लव्ह किल्स' हे गीत गायिले. त्या चित्रपटातील नगरीत वर श्रीमंतांचे मनोरे आणि खाली जमिनीच्या पोटात यंत्रांशी झुंजणारे कामगार आहेत. पाळी संपवून परतणाऱ्या माणसांचे चेहरे ज्याने अंबरनाथ स्थानकाच्या पुलावर पाहिले आहेत, त्याला तो चित्रपट परका वाटणार नाही.

तिसरा चित्रपट १९८६ चा 'हायलँडर'. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. सोळाव्या शतकातला स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातील एक तरुण लढाईत प्राणघातक घाव लागूनही मरत नाही. याला भुताटकी समजून गावकरी त्याला हाकलून देतात. तो अमर असतो, म्हणून त्याला शतकानुशतके गावे आणि नावे बदलत राहावे लागते. विसाव्या शतकात तो न्यूयॉर्कमध्ये खोट्या नावाने जुन्या वस्तूंचा व्यापार करीत असतो. या स्कॉट नायकाचे काम फ्रेंच नट क्रिस्तोफर लॅम्बर्टने केले, आणि त्याच्या गुरूचे, म्हणजे स्पॅनिश नाव धारण केलेल्या एका इजिप्शियनाचे, काम शॉन कॉनरी या अस्सल स्कॉटने! साऱ्या चित्रपटात कोणीच आपल्या जागी नाही. त्यासाठी फ्रेडीने 'प्रिन्सेस ऑफ द युनिव्हर्स' हे गीत स्वतः लिहिले व गायिले, आणि नायकाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारी होऊन मरते त्या प्रसंगासाठी ब्रायन मेने 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरएव्हर' रचले. गाव सुटलेल्या आणि नाव बदललेल्या नायकाला त्याहून योग्य आवाज मिळाला नसता. फारोखने स्वतःची गोष्ट मुलाखतींत फारशी सांगितली नाही हे खरे. पण ती गोष्ट त्याच्या गळ्यात नव्हती असे कोण म्हणेल?

आता ज्या इंग्लंडमध्ये त्याने नाव बदलले, ते इंग्लंड कसे होते? १९६२ मध्ये तेथे वसाहतींतून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. १९६८ मध्ये केनियातून येणाऱ्या हिंदी लोकांना अडवण्यासाठी तो आणखी कडक करण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले, आणि त्याच्या समर्थनार्थ लंडनच्या गोदी कामगारांनी मोर्चा काढला. रस्त्यात 'पाकी' ही शिवी कोणत्याही सावळ्या माणसाला मिळे, मग तो कराचीचा असो, कोल्हापूरचा असो की झांझिबारचा. फारोख त्या वेळी एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे आपल्या तृतीय वर्षाच्या मुलांहून थोडासा मोठा. त्या देशाने बलसारा हे नाव पोस्टरवर छापले असते का, याचे उत्तर फारोखने द्यायचे नसून त्या देशाने द्यायचे आहे.

येथे कोणी म्हणेल, 'मग पंडित रविशंकरांनी नाव कोठे बदलले? तेही परदेशात गाजलेच ना?' आक्षेप रास्त आहे. रविशंकर १९६७ मध्ये माँटेरीला आणि १९६९ मध्ये वुडस्टॉकला वाजवून आले आणि त्यांचे नाव घरोघरी झाले. पण ते तेथे पाहुणे म्हणून गेले होते, आपली सतार आणि आपले राग घेऊन. फारोख तेथला रहिवासी होता आणि त्यांचेच संगीत त्यांच्याहून चांगले गाऊ पाहत होता. पाहुण्याचे नाव लोक कौतुकाने पाठ करतात. कामाला ठेवलेल्या माणसाचे नाव मात्र आपल्या सोयीने बदलतात. आणि ज्यांनी नाव बदलले नाही त्यांचे तरी आपण काय केले? मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली अमेरिकेत गेल्या, ऑर्नेट कोलमन या थोर जॅझ वादकाच्या १९७२ च्या 'सायन्स फिक्शन' या ध्वनिमुद्रिकेत दोन गीते गायिल्या, आणि आपल्या नावाने गायिल्या. आपल्या महाविद्यालयात किती जणांनी हे नाव ऐकले आहे? तेव्हा 'नाव ठेवले असते तर आम्ही डोक्यावर घेतले असते' हे म्हणणे पोकळ आहे.

हे झाले परदेशाचे. आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या गावांच्याच नावांत बदल भरलेला आहे. कल्याण कँपचे नाव १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. बदलापूरच्या नावाविषयी वडीलधारी माणसे सांगतात की पूर्वी येथे घोडे बदलले जात. आणि उल्हासनगरच्या मालावरचा 'मेड इन यूएसए' हा विनोद तर सर्वांना ठाऊक आहेच. यूएसए म्हणजे म्हणे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! लोक हसतात. पण आपल्या हाताने केलेल्या वस्तूवर आपले नाव घातले तर गिऱ्हाईक ती उचलणार नाही, हे ज्या कारागिराला अनुभवाने कळले, त्याच्या मनाचा कोणी विचार करीत नाही. माल तोच, हात तेच. बदलावे लागले ते फक्त लेबल.

हे लेबल आता माणसांनाही लागते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत फीचे पैसे जमवण्यासाठी मी एका कॉल सेंटरमध्ये दोन महिने रात्रपाळी केली. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी सांगितले, 'आजपासून तू केविन. तुझे नाव तिकडच्यांना उच्चारता येणार नाही.' बदलापूरहून शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडून केविन कामावर जायचा आणि पहाटे मी घरी यायचो. आजीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, 'मग पगार कोणाच्या नावावर देतात?' पगार माझ्याच नावावर मिळाला, आणि त्यातूनच या वर्षाची फी भरली गेली. म्हणून मी त्या कामाची निंदा करणार नाही. परंतु मर्क्युरी आणि केविन यांतला फरक मला तेथे कळला. मर्क्युरी हे नाव त्या माणसाने स्वतः घेतले आणि त्यात जीव ओतला. केविन हे नाव मला हेडफोनबरोबर देण्यात आले आणि नोकरी सोडताना हेडफोनबरोबरच परत घेण्यात आले.

माझ्या घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. वडील सातवीपर्यंत शिकले. त्यांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच घातली. आडनावातील एक अक्षरही तेव्हाच चुकले, ते आजतागायत चुकलेलेच आहे आणि आता तेच आमचे आडनाव आहे. आमच्यासारख्यांची नावे अशीच कोणाच्या तरी टेबलावर, कोणाच्या तरी घाईत ठरतात. मग नाव बदलणे म्हणजे मुळांशी बेइमानी हे ऐकले की मला हसू येते. ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या कोणी चुकीची लिहिली नाहीत, त्यांनाच हा विचार सुचू शकतो.

आणि इंग्लंडला नावे ठेवताना आपला आरसाही पुसून घ्यावा. नव्या विद्यार्थ्याला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'आडनाव काय?' नाव सांगितले तरी समाधान होत नाही, आडनाव हवे असते. ते ऐकून आपण मनात त्याची जागा ठरवून टाकतो. हिथ्रोवर उतरणाऱ्याची पारपत्रे तपासतात, आपण वर्गाच्या दारात आडनावे तपासतो. म्हणून काही मुले गावावरून 'कर' लावून घेतात, काही नुसते पहिले नाव सांगून गप्प बसतात. मुलाखतीला गेलेली आपली मुले 'कुठे राहता?' या प्रश्नाला 'कल्याणच्या जवळ' असे उत्तर देतात, कारण कँपचा नंबर सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर ते 'यूएसए'चे हसू येते. आपल्या स्नेहसंमेलनात सिंधी मुलेमुली हिंदी गातात, मराठी गातात, इंग्रजीही गातात, पण आजीच्या तोंडून ऐकलेले सिंधी गाणे क्वचितच गातात. फारोखने पारशी असल्याचे का सांगितले नाही, हे कोडे सोडवायला लंडनला जाण्याची गरज नाही.

शेवटी त्या 'आपला' म्हणण्याबद्दल. फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी एड्सने वारला. आदल्याच दिवशी त्याने आपला आजार जाहीर केला होता. आयुष्यभर धर्मकर्मापासून दूर राहिलेल्या त्या माणसाचे अंत्यविधी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी आपल्या प्रार्थनांनी केले. जाताना फारोखला त्याचे मूळ घर भेटले. पण ज्या दोन भूमी त्याला आज आपला म्हणतात, त्यांनी त्याला जिवंतपणी कसे वागवले असते? झांझिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा समारंभ काही लोकांच्या विरोधामुळे रद्द करावा लागला, कारण त्याचे पुरुषांवरील प्रेम त्यांना मान्य नव्हते. आपल्या देशात असे प्रेम कलम ३७७ प्रमाणे गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने तो डाग पुसला ६ सप्टेंबर २०१८ रोजी, फ्रेडीच्या जन्मदिनाच्या दुसऱ्या दिवशी आणि त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तावीस वर्षांनी. म्हणजे ज्याला आपण अभिमानाने आपला म्हणतो, तो येथे राहिला असता तर कायद्याने गुन्हेगार ठरला असता. पाचगणीच्या शाळेचा अभिमान बाळगताना हेही ध्यानात ठेवावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नाव बदलणे हे पाप नाही, तसेच पुण्यही नाही. कोणी ते हौसेने बदलतो, कोणी पोटासाठी बदलतो, कोणाचे दुसराच बदलून टाकतो. पाहायचे ते एवढेच, की त्या माणसाला मूळ नाव सांगण्याची मोकळीक होती की नव्हती. ती नसेल, तर दोष बोलणाऱ्याच्या जिभेचा नाही, ऐकणाऱ्याच्या कानाचा आहे. फारोख बलसाराला परत आपला करून घेण्याची संधी आता नाही. तो केव्हाच जगाचा झाला. पण जून महिन्यात आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्षाचे नवे विद्यार्थी येतील. त्यांत कँप चारची मुले असतील, अंबरनाथच्या चाळीतली असतील, बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यांवरून चालत स्थानक गाठणारी असतील. त्यांतल्या कोणाच्या गळ्यात काय आहे, हे आज कोणालाच माहीत नाही. त्यांनी आपले नाव सांगितले तर ते जसे सांगितले तसे उच्चारावे, आडनाव विचारू नये, आणि त्यांना आपले गाणे आपल्या भाषेत म्हणू द्यावे. प्राध्यापकांनी हजेरी घेताना आणि आपण मित्रांनी हाक मारताना एवढे केले, तरी पुढे कधी 'तो आपला होता हो' म्हणून हळहळण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.